कीबोर्ड लायब्ररीची बडबड आणि तिचा लगाम

लिनक्सवर एक्स सर्व्हर टर्मिनलमधून सुरू केलेल्या, किंवा त्याचा लॉग कधी उघडून पाहिलेल्या माणसाला एक मजकूर ओळखीचा असतो. कीबोर्डच्या मांडणीचा कंपायलर, म्हणजे एक्सकेबीकॉम्प, कुरकुरत असतो: अमुक नावाच्या कीसिमचा, म्हणजे कळेला जोडलेल्या चिन्हाचा, पत्ता लागत नाही, तमुक नावाच्याचाही लागत नाही, मांडणीतला सर्वांत मोठा की-कोड ७०८ आहे आणि एक्स११ला २५५च्या वरचे आकडे झेपत नाहीत. अशा पाच-पंधरा ओळी झाल्या की खाली एक्स सर्व्हरचा शेरा येतो. एक्सकेबीकॉम्पच्या या चुका माझ्या जिवावर बेतणाऱ्या नाहीत, असा त्याचा आशय. आधी घाबरवायचे आणि मग पाठीवर हात फिरवायचा, असा हा प्रकार आहे.

कारण साधे असते. लॅपटॉपवर नवनवी बटणे येतात. कुणी कॅमेरा बंद करण्याचे देतो, कुणी इमोजी निवडण्याचे. त्यांची नावे एक्सकीबोर्ड-कॉन्फिग या मांडण्यांच्या संग्रहात दाखल होतात. पण संगणकावरची लिबएक्स११ जुनी असेल तर तिच्या यादीत ती नावे नसतात. मांडणी पुढे गेली आणि यादी मागे राहिली, एवढाच मामला. कीबोर्ड ठणठणीत चालत असतो. ज्याने हा मजकूर पहिल्यांदा पाहिला तो सगळे सोडून त्याच्या मागे लागतो. ज्याने तो शेकडो वेळा पाहिला तो त्याच गर्दीत आलेली खरी चूक वाचायचे सोडून देतो. मला दुसरा माणूस जास्त धोक्यात वाटतो, कारण त्याला आपण काही गमावतो आहोत याचा पत्ताच नसतो.

कीबोर्डवरून येणारे इनपुट हाताळणारी लायब्ररी काय बोलते, किती बोलते, कोणाला ऐकू जाईल असे बोलते आणि तिला गप्प करण्याचा किंवा बोलते करण्याचा अधिकार कोणाकडे असतो, हा या पुस्तिकेचा विषय आहे. उदाहरणासाठी एकच लायब्ररी घेतली आहे: लिबएक्सकेबीकॉमन. विषय चिंचोळा वाटेल. पण जीटीके आणि क्यूटी या दोन्ही टूलकिट, ग्नोमचा मटर, केडीईचा केविन, वेस्टन, स्वे अशी सगळी मंडळी कीबोर्डच्या मांडणीसाठी हिच्यावर अवलंबून आहेत. आज वेलँडवर कोणी काहीही टाइप केले, तरी त्या अक्षराचा प्रवास बहुधा हिच्या हातून होतो.

थोडा इतिहास सांगणे भाग आहे, कारण लॉगिंगची आजची रचना त्यातून आली आहे. एक्स११ची सुरुवात १९८७ची. कीबोर्डचे विस्तारित वर्णन करणारी एक्सकेबी ही जोड तिला १९९६मध्ये एक्स११आर६.१ या आवृत्तीबरोबर मिळाली. त्या जगात मांडणीचे कंपायलिंग मध्यवर्ती होते. सर्व्हर एक्सकेबीकॉम्प हा वेगळा प्रोग्राम चालवत असे, त्याची कुरकुर सर्व्हरच्या लॉगमध्ये पडत असे आणि वापरणाऱ्या ॲपला तिचा गंधही नसे. पुढे २००८मध्ये एक्सची जागा घेऊ पाहणाऱ्या वेलँडचे काम सुरू झाले आणि वाटणीच बदलली. वेलँडमध्ये कंपोझिटर, म्हणजे ॲपच्या खिडक्या स्क्रीनवर मांडणारा प्रोग्राम, प्रत्येक ॲपला संपूर्ण मांडणी मजकूररूपात हाती देतो, आणि नंतर प्रत्येक वेळी फक्त कळेचा कच्चा आकडा पाठवतो. त्या आकड्याचा अर्थ लावणे हे ॲपचे काम. मग प्रत्येक ॲपच्या पोटात मांडणी समजणारी लायब्ररी हवी. एक्सकेबीकॉम्पचाच कोड घेऊन, त्याला घासूनपुसून, स्वतंत्र प्रोग्रामची लायब्ररी करण्यात आली. तीच लिबएक्सकेबीकॉमन. तिची १.० ही आवृत्ती २०२०मध्ये आली.

हा बदल आतल्या यंत्रणेपुरता वाटतो. लॉगच्या दृष्टीने मात्र तो उलथापालथ करणारा आहे. स्वतंत्र प्रोग्रामला स्वतःचा स्क्रीन असतो, स्वतःची एरर-वाहिनी असते. त्याने तिथे हवे तेवढे बोलावे. लायब्ररीला स्वतःचे काहीच नसते. ती दुसऱ्याच्या घरी उतरलेल्या पाहुण्यासारखी असते, आणि यजमानाच्या दिवाणखान्यात किती मोठ्याने बोलायचे हे पाहुण्याने ठरवायचे नसते. एखादा माणूस टर्मिनलमधून चित्रे पाहण्याचा प्रोग्राम चालवतो आणि समोर कम्पोज फाइल सापडत नसल्याची तक्रार उमटते, तेव्हा त्याला बिचाऱ्याला कम्पोज फाइल म्हणजे काय हेच ठाऊक नसते. शिवाय ती फाइल प्रत्येक ॲप आपली आपण वाचते. म्हणून एकच तक्रार पाच ॲपमधून पाच वेळा ऐकू येते.

आता एक अक्षर जवळून पाहू. ळ घेऊ. इन्स्क्रिप्ट मांडणीत शिफ्ट धरून एन दाबले की ळ उमटतो, शिफ्टविना ल. एनची कळ दाबली की लिनक्सचा कर्नल ४९ हा आकडा देतो. त्यात ८ मिळवायचे, कारण एक्स११च्या नियमावलीत की-कोड ८पासूनच सुरू होतात, आणि वेलँडने जुन्या मांडण्या चालाव्यात म्हणून ही आठाची बेरीज तशीच ठेवली. झाले ५७. एक्सकेबीच्या भाषेत या ५७व्या कळेला नाव आहे एबी०६, म्हणजे खालच्या ओळीतली सहावी कळ. भारतीय मांडण्यांच्या फाइलीत या एबी०६समोर दोन नोंदी असतात: पहिल्या पातळीवर यू०९३२, दुसऱ्या पातळीवर यू०९३३. शिफ्ट दाबलेले असल्याने दुसरी पातळी निवडली जाते. यू०९३३ म्हणजे युनिकोडमधला ळ. लायब्ररी त्याचे यूटीएफ-८मधले तीन बाइट ॲपच्या हवाली करते आणि स्क्रीनवर ळ दिसतो.

या साखळीत चूक कुठे होऊ शकते? समजा, कोणी मराठीसाठी स्वतःची मांडणी बनवतो आहे. संग्रहात मराठीची कगप पद्धतीची मांडणी आहे, पण त्याला तीत दोन-चार कळा वेगळ्या हव्या आहेत. ऱ्याचा अर्धा र हाताशी हवा आहे, ॲ एकाच कळेवर हवा आहे. लिबएक्सकेबीकॉमन मांडणीच्या फाइली वापरणाऱ्याच्या घर-फोल्डरातल्या कॉन्फिगमध्येही शोधते, त्यामुळे रूटचा पासवर्ड न मागता हा उद्योग करता येतो. आणि घाईत यू०९३३ऐवजी त्याच्याकडून वाय०९३३ टाइप होते. यू आणि वाय कीबोर्डवर शेजारीच बसलेले असतात.

लायब्ररीला वाय०९३३ नावाचे कीसिम माहीत नाही. ती त्या जागी रिकामे चिन्ह ठेवते आणि पुढे जाते. मांडणी कंपाइल होते. बाकीच्या सगळ्या कळा चालतात. शिफ्ट-एन दाबले की काहीच होत नाही. टर्मिनलवर? तिथेही काही नाही. कारण अनोळखी कीसिम ही लायब्ररीच्या हिशेबी वॉर्निंग आहे, आणि कोणी काही सांगितले नाही तर लायब्ररी एररच्या खालचे काहीही बोलत नाही.

म्हणजे एकीकडे एक्स सर्व्हर जो नको तिथे आरडाओरडा करायचा, आणि दुसरीकडे ही लायब्ररी जी हवे तिथेही मिठाची गुळणी धरून बसते. मग बरोबर कोण? माझे मत लायब्ररीच्या बाजूने आहे, पण एका अटीवर. मौन मोडण्याची किल्ली कुठे आहे हे लोकांना माहीत हवे. ती माहिती मराठीत कुठे एकत्र सापडत नाही, आणि ही पुस्तिका लिहिण्यामागे तेच एक कारण आहे.

किल्ल्या दोन आहेत, आणि बरेचजण एकच फिरवून थांबतात. पहिली पातळीची. क्रिटिकल, एरर, वॉर्निंग, इन्फो आणि डीबग अशा पाच पातळ्या, त्यांना अनुक्रमे १०, २०, ३०, ४० आणि ५० असे आकडे. सिसलॉगच्या ० ते ७ या जुन्या आठ पायऱ्यांपेक्षा ही शिडी आटोपशीर आहे, आणि आकड्यांमध्ये मोकळी जागा असल्याने उद्या मधली पायरी घालायची झाली तर अडचण नाही. पातळी ठरवायला प्रोग्राममधून एक फंक्शन आहे, आणि प्रोग्रामला हात न लावता ठरवायची असेल तर एक्सकेबी_लॉग_लेव्हल हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. त्यात आकडा चालतो, नावही चालते.

दुसरी किल्ली व्हर्बोसिटीची, म्हणजे तपशिलाच्या भुकेची. ती ०पासून १०पर्यंत जाते आणि मुळात ०वर असते. पातळी सांगते की बाब किती गंभीर आहे. व्हर्बोसिटी सांगते की गंभीर नसलेल्या बाबींतही किती खोलात शिरायचे. इथे एक खाच आहे. व्हर्बोसिटीच्या आड दडलेले बहुतेक संदेश वॉर्निंग किंवा त्याहून हलक्या पातळीचे आहेत. म्हणून नुसती व्हर्बोसिटी १०वर नेली आणि पातळी एररवरच ठेवली, तर पदरात काही पडत नाही. दोन्ही किल्ल्या एकदम फिरवाव्या लागतात.

व्हर्बोसिटी वेगळी का ठेवली, याचे उत्तर एकाच संदेशातून मिळते आणि तो मला या सबंध लायब्ररीतला सर्वांत विचारपूर्वक केलेला भाग वाटतो. समजा मांडणीत एबी०६ ही कळ दोनदा आली. पहिल्यांदा ळ दिला, खाली कुठेतरी कॉपी-पेस्ट करताना एबी०७च्या जागी पुन्हा एबी०६ राहून गेले आणि तिथे दुसरेच अक्षर आले. नंतरची ओळ जिंकते. ही चूक आहे का? एकाच फाइलीत असेल तर जवळजवळ नक्की. पण दोन वेगळ्या फाइलींत असेल तर हीच रोजची रीत आहे. मूळ मांडणीवर वापरणाऱ्याने निवडलेला पर्याय चढतो आणि खालची कळ झाकतो. कॅप्स लॉकची कंट्रोल करणारे सगळे हेच तर करत असतात. म्हणून लायब्ररी असा भेद करते: टक्कर एकाच फाइलीतली असेल तर व्हर्बोसिटी १ झाली की सांगायची, दोन फाइलींमधली असेल तर १०वर पोचल्याशिवाय तोंड उघडायचे नाही. तंतोतंत तीच घटना, पण कुठे घडली त्यावरून ती सांगण्यासारखी आहे की नाही हे ठरते. लॉग लिहिणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामरने हा निर्णय एकदा तरी समजून घ्यावा. आपल्यातले बहुतेक जण फंक्शनच्या सुरुवातीला आणि शेवटी एकेक प्रिंट टाकतात आणि त्याला डीबगिंग म्हणतात.

मांडणी बनवणाऱ्याला हे सगळे ॲपमधून करण्याची गरज नाही. लायब्ररीबरोबर एक्सकेबीसीएलआय नावाचे आज्ञावळीचे साधन येते. त्यातल्या मांडणी कंपाइल करणाऱ्या उपआज्ञेला व्हर्बोस हा पर्याय दिला की ती मोकळेपणाने बोलू लागते. मांडण्या शोधायला कोणकोणते फोल्डर पाहिले तेही सांगते. आपली फाइल वाचलीच जात नाही अशी शंका असेल तर आधी याच ओळी पाहाव्यात. निम्म्या तक्रारींचा निकाल तिथेच लागतो: फाइल बरोबर असते, फोल्डर चुकलेले असते.

आता ॲप लिहिणाऱ्यांकडे वळू. त्यांचा प्रश्न निराळा आहे. त्यांच्या प्रोग्रामचा स्वतःचा लॉग असतो, त्यात वेळ, प्रोसेसचा आकडा, रंग, काय काय असते, आणि मध्येच लायब्ररीची एक ओळ भलत्याच थाटात एरर-वाहिनीवर येऊन पडते. यासाठी एक्सकेबी_कॉन्टेक्स्ट_सेट_लॉग_एफएन हे फंक्शन आहे. आपले फंक्शन तिला दिले की लायब्ररी स्वतः छापणे थांबवते आणि प्रत्येक संदेश आपल्याकडे सोपवते. गाळण आधीच झालेली असते. पातळी आणि व्हर्बोसिटी यांतून पार झालेले संदेशच आपल्यापर्यंत येतात. (प्रकरणांतल्या कोडमध्ये अशी नावे मूळ लिपीत आहेत, प्रस्तावना वाचताना ती टाइप करून पाहू नयेत.)

हे फंक्शन लिहिताना दोन ठिकाणी पाय घसरतो. एक सी भाषेचा जुनाच खड्डा आहे. संदेश तयार स्ट्रिंग म्हणून येत नाही. त्याचा साचा आणि साच्यात भरायच्या मूल्यांची यादी अशा जोडीने येते. ही यादी एकदा वाचली की संपली. तीच यादी आधी फाइलीत छापून मग स्क्रीनवरही छापायला गेले तर दुसऱ्या वेळी काय निघेल याची शाश्वती नाही. दोनदा वापरायची तर आधी व्हीए_कॉपीने नक्कल करावी.

दुसरा खड्डा जास्त फसवा आहे. आपले फंक्शन लायब्ररीला द्यायचे तर आधी कॉन्टेक्स्ट, म्हणजे लायब्ररीचे सगळे काम ज्यातून चालते ती मूळ वस्तू, तयार हवा. पण कॉन्टेक्स्ट तयार होतानाच लायब्ररी मांडण्यांचे नेहमीचे फोल्डर शोधते, आणि ते न मिळाल्यास तेव्हाच तक्रार करते. त्या क्षणी आपले फंक्शन तिच्या हाती पोचलेलेच नसते. म्हणून सगळे लॉग नीट वळवलेल्या प्रोग्राममधूनही नेहमीचे फोल्डर जोडता आले नाही अशी एक ओळ एरर-वाहिनीवर निसटते. आपली पॅकेजेस सोबत घेऊन फिरणाऱ्या ॲपमध्ये ती हमखास दिसते, कारण ज्या जागी मांडण्या असतील असे लायब्ररीला बांधतानाच सांगितलेले असते, ती जागा वापरणाऱ्याच्या संगणकावर नसते. यावर उपाय आहे. कॉन्टेक्स्ट बनवताना नेहमीचे फोल्डर जोडू नकोस असा फ्लॅग द्यायचा, मग आपले लॉग-फंक्शन बसवायचे आणि त्यानंतर फोल्डर जोडण्याची आज्ञा स्वतः द्यायची. तीन ओळींचे काम आहे, फक्त क्रम पाळावा लागतो.

क्रमाचाच आणखी एक परिणाम. एन्व्हायर्नमेंटमधली सूचना लायब्ररी कॉन्टेक्स्ट तयार होताना एकदाच वाचते. त्यानंतर प्रोग्रामने स्वतः पातळी ठरवली, तर प्रोग्रामचा शब्द अखेरचा. टर्मिनलमध्ये व्हेरिएबल लावून, ॲप चालवून, तरी काही छापून येत नाही म्हणून लायब्ररीला दोष देणारे अनेक असतात. दोष बहुधा ॲपच्या त्या एका ओळीचा असतो. ॲप लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे की व्हेरिएबल लावलेले असेल तर त्याचा मान राखा. ज्याने ते मुद्दाम लावले त्याला तुमच्यापेक्षा जास्त गरज आहे. अर्थात, जादा अधिकाराने चालणाऱ्या प्रोग्राममध्ये एन्व्हायर्नमेंटवर विश्वास ठेवणे घातक असते, आणि तिथे लायब्ररी स्वतःच या व्हेरिएबलांकडे काणाडोळा करते.

इथवरचे सगळे कोणत्याही लायब्ररीला कमीअधिक लागू पडेल. कीबोर्डचे प्रकरण वेगळे का आहे, ते २०१७ या एकाच वर्षात दोनदा दिसले.

त्या वर्षीच्या मे महिन्यात मोडझीरो या स्विस सुरक्षा संस्थेने एचपीच्या काही लॅपटॉपवरील एका ऑडिओ ड्रायव्हरबद्दल माहिती जाहीर केली. ड्रायव्हर कोनेक्सांट कंपनीचा. त्यातल्या मिकट्रे६४ या प्रोग्रामचे काम एवढेच, की मायक्रोफोन बंद-चालू करण्याची खास कळ दाबली गेली का हे पाहायचे. ती एक कळ ओळखण्यासाठी तो प्रत्येक कळ ऐकत होता. तेही समजून घेता येईल. पण ऐकलेली प्रत्येक कळ तो सार्वजनिक फोल्डरातल्या एका लॉग फाइलीत लिहीतही होता. त्या संगणकावरच्या कोणत्याही वापरकर्त्याला ती फाइल उघडता येत होती. पासवर्ड, पत्रे, बँकेचे आकडे, सगळे त्यात. प्रत्येक लॉगिनला फाइल नव्याने लिहिली जायची, पण बॅकअप घेणाऱ्यांच्या बॅकअपमध्ये जुन्या प्रती जमा होण्याचा धोका होताच. हेरगिरीचा हेतू कोणी सिद्ध केला नाही. तो डीबगिंगचा कोड होता, विकायच्या मालात राहून गेलेला.

डिसेंबरमध्ये दुसरे प्रकरण निघाले. एक संशोधक मित्राच्या सांगण्यावरून एचपीच्या लॅपटॉपमधला कीबोर्डखालचा दिवा कसा ताब्यात घ्यायचा हे पाहत होता. त्यासाठी टचपॅडचा सिनॅप्टिक्स ड्रायव्हर उघडला आणि त्यात कळांचे स्कॅन-कोड विंडोजच्या ट्रेस-यंत्रणेकडे पाठवणारा कोड त्याला सापडला. तो मुळात बंद होता. चालू करायला रजिस्ट्रीत एक नोंद करावी लागे आणि तिला प्रशासकाचा अधिकार लागे. एचपीने दुरुस्ती दिली आणि बाधित मॉडेलांची यादी प्रसिद्ध केली. ती चारशेच्या वर गेली.

दोन्ही प्रकरणे एका माळेत ओवली जातात, ते मला पटत नाही. दुसऱ्यात निदान किल्ली होती आणि ती बंद होती. पहिल्यात किल्लीच नव्हती. पण दोघांमधली मूळ चूक एकच: डीबग करणाऱ्याने कीबोर्डच्या मांडणीविषयी न लिहिता कीबोर्डवर जे टाइप झाले ते लिहिले. डिस्क किंवा प्रिंटरच्या लायब्ररीने तपशीलवार लॉग ठेवला तर फार तर फाइल फुगते. कीबोर्डच्या लायब्ररीने तसे केले तर ती दुसऱ्याच्या पासवर्डची वही होते. इथे पातळ्यांची शिडी पुरत नाही. काही गोष्टी कोणत्याही पातळीवर लिहायच्या नाहीत असे आधीच ठरवावे लागते.

लिबएक्सकेबीकॉमन या कसोटीला उतरते. तिची सारी बडबड मांडणी वाचण्याच्या वेळची: कोणती फाइल, कोणती ओळ, कोणते अनोळखी नाव. एकदा मांडणी तयार झाली आणि माणूस टाइप करू लागला की ती गप्प असते. डीबग पातळी आणि व्हर्बोसिटी १० लावून पत्र लिहिले, तरी त्या पत्रातले अक्षर लॉगमध्ये पडत नाही.

शेजारच्या घरांत मात्र जपून राहावे. कंपोझिटर आणि ॲप यांच्यातला सारा संवाद छापणारे वेलँड_डीबग हे व्हेरिएबल लावले, की कळांचे कच्चे आकडेही छापले जातात. ४९ पाहून एन ओळखायला कोणाला विशेष अक्कल लागत नाही. असा लॉग तक्रारीबरोबर जशाच्या तसा पाठवला आणि मधे कुठे पासवर्ड टाइप केलेला असला, तर तो पासवर्ड जगजाहीर झाला. लिबइनपुट या लायब्ररीने इथे शहाणपण दाखवले आहे. तिचे घटना दाखवणारे साधन कळेच्या नावाच्या जागी फुल्या छापते, आणि नोंद करून ठेवणारे साधन नेहमीच्या सगळ्या कळा ए म्हणूनच लिहिते. खरे आकडे हवे असतील तर तसा पर्याय स्वतःहून द्यावा लागतो. टाइप करणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर मुळातली स्थिती अशीच हवी. तक्रार सोडवणाऱ्याला नव्वद टक्के वेळा कोणती कळ यापेक्षा कळ दाबली गेली की नाही, एवढेच कळायला हवे असते.

मराठीसाठी मांडणी बनवणाऱ्यांना या पुस्तिकेचा सर्वाधिक उपयोग व्हावा, अशी इच्छा आहे. इन्स्क्रिप्टची वहिवाट जुनी. १९९१च्या आयएस १३१९४ या भारतीय मानकात ती आहे. पण मानक एक आणि लोकांच्या बोटांच्या सवयी अनेक. ॲ या अक्षराला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती २००८मध्ये, आणि त्याआधीच्या मांडण्यांना ते ठाऊक नसणे ओघाने आले. इन्स्क्रिप्टच्या वरच्या ओळीत शिफ्टसह ज्ञ, त्र, क्ष, श्र एकेका कळेवर आहेत. प्रत्येकात तीन कोडपॉइंट. जुन्या एक्सच्या मांडणीत एका पातळीवर एकच कीसिम बसते, म्हणून तिथे या कळा पांगळ्या होतात. लिबएक्सकेबीकॉमनला महिरपी कंसात अनेक कीसिमे एकत्र दिलेली समजतात. ती सोय वापरून पाहणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून वॉर्निंग चालू ठेवावी, कारण कंसातले एक नाव जरी चुकले तरी अक्षर अर्धवट उमटते आणि ते का, हे डोळ्यांनी शोधणे म्हणजे गवताच्या गंजीत सुई.

अलीकडच्या आवृत्त्यांत संदेशापुढे क्रमांक येऊ लागला आहे. अनोळखी कीसिमच्या संदेशापुढे एक्सकेबी-१०७ असे दिसते. मजकूर आवृत्तीगणिक बदलला तरी क्रमांक टिकतो. इंग्रजी संदेश वाचायला जड जाणाऱ्यांसाठी याच क्रमांकांनुसार मराठीत खुलासे दिले आहेत, शेवटच्या प्रकरणात. ते प्रकरण सलग वाचायचे नाही. अडले की उघडायचे.

पहिली दोन प्रकरणे मांडणी बनवणाऱ्यांची आहेत, तिसरे सी भाषेत ॲप लिहिणाऱ्यांचे. ज्यांनी कम्पोज फाइल सापडत नाही या एकाच ओळीला कंटाळून पुस्तिका हाती घेतली असेल, त्यांनी सरळ चौथे उघडावे. ती ओळ एरर पातळीची असल्याने कोणतीही किल्ली न फिरवता दिसते, आणि तिच्यापायी बंद पडते ते फक्त कम्पोजच्या कळा वापरून é सारखी जोडचिन्हे काढणे. देवनागरीच्या टायपिंगला तिचा उपद्रव नाही. मूळ कारण बहुतेक वेळा लोकॅलच्या नावात असते, नाहीतर ॲप ज्या कंटेनरमध्ये चालते आहे त्यात त्या फाइलीच आणलेल्या नसतात.